कोपरानं बघितलेलं पाणी

फोन दुपारी आला. मी पुण्यात लेकीकडे होते, नातवाला वरणभात भरवत होते. फोनवर शेख भाभींचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातला घास खाली ठेवला. भाभी म्हणजे माझी मैत्रीण द्वारका, तिच्या शेजारीण. त्या कुणाला उगीच फोन करत नाहीत, त्यांना फोनवर बोलायचाच संकोच. "इंदूबाई," त्या म्हणाल्या, आणि परत म्हणाल्या, "इंदूबाई, द्वारकाबाई गेल्या हो... खुर्चीत बसल्या बसल्या. मी चहा घेऊन गेलते, तर..." अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. कधी, कशानं, डॉक्टर आले होते का, यातलं मी काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "मग पाणी कोण बघत होतं?" भाभींना वाटलं, धक्क्यानं माझं डोकं फिरलं. लेकीलाही तसंच वाटलं, तिनं माझ्या हातातली ताटली काढून घेतली. पण माझा प्रश्न अगदी सरळ होता. गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता द्वारका आपला उजवा हात गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बसायची. त्या हाताला गरम-गार कळत नव्हतं, म्हणून पाणी पोळण्याइतकं गरम नाही ना, हे दुसऱ्या कुणीतरी आधी बघावं लागे. ते काम माझं होतं. आणि गेले तीन आठवडे मी पुण्यात नातवंडांत रमले होते.

आता तिला जाऊन दोन महिने होत आले. त्या हाताविषयी मला काही सांगायचं आहे. जिला सांगायचं होतं तिला अकरा वर्षांत सांगणं झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

द्वारका आणि मी केजच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचो. मी मराठी, ती जीवशास्त्र. ती शिरूर कासारकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तिची शाळा दर वर्षी दिवाळीला सुटायची ती उन्हाळ्यातच परत भरायची. "माझा जन्म कोपीत झाला, उसाच्या फडातल्या झोपडीत," असं ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायची, म्हणजे मग पुढच्यानं पुढचं विचारायला नको. त्या मुलीनं एम.एस्सी. केलं. तोवर लग्नाचं वय गेलं, असं घरचे म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणायची. मी खोदून विचारलं नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. तिचा तास संपला की त्याच वर्गावर माझा तास. द्वारका फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढायची, आणि त्या अशा काढायची की पोरं वहीत उतरवायची सोडून नुसती बघत बसायची. जेलीफिश हा तिचा हातखंडा. वर फिकट निळी छत्री, खाली लोंबणारे जांभळे धागे, आणि बाजूला मोठी करून दाखवलेली ती डंखाची कुपी, आत गुंडाळलेल्या नळीसकट. मी गेले, डस्टर घेतलं आणि सगळं पुसून कवितेचं नाव लिहिलं. ही बाई खडूची पेटी विसरली म्हणून परत आलेली, दारातच उभी. "अहो मॅडम, कावून पुसलं? माझा अर्धा तास गेला त्याच्यात!" मी म्हटलं, "तुमच्या माशाला हात लावला नाही तर माझी कविता कुठं लिहू, भिंतीवर?" "मासा न्हाई तो!" ती एवढ्या तळमळीनं ओरडली की अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला जेलीफिश मासा का नाही ते समजावलं आणि मी तिला माझ्या डब्यातली मेथी दिली. पुढे ती माझ्याच गल्लीत राहायला आली.

तर अशी ही बाई अठरा वर्षं फळ्यावर जेलीफिश काढत होती आणि समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला म्हणा. आपल्याकडून समुद्र केवढा लांब! सेहेचाळीसाव्या वर्षी एकदाची तिनं प्राचार्यांच्या मागे लागून कोकणची सहल मंजूर करून घेतली. थंडीचे दिवस होते. एस.टी. ठरवली, चाळीस पोरं-पोरी. मुलींसोबत दोन बाया हव्यात म्हणून मला ओढलं. त्या वर्षी आमच्याकडे थंडीतच टँकर सुरू झाले होते. तरी आम्ही निघताना पाण्याचा मोठा कॅन भरून गाडीत ठेवला. कोकणात पाण्याला काय तोटा, पण आपण बीडची माणसं, पाण्यावाचून घराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की जिवाला घोर लागतो.

सकाळी किनाऱ्यावर उतरलो. पोरं आरडाओरडा करत पाण्यात. द्वारका मात्र चपला हातात घेऊन ओल्या वाळूवर उभीच राहिली. मग वाकली, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय की गं!" मी हसून हसून बेजार. "अगं बये, जीवशास्त्राची बाई ना तू? माहीत नव्हतं होय तुला?" ती म्हणाली, "माहीत होतं. खरं वाटत नव्हतं."

थोडं पुढं गेल्यावर वाळूत जेलीफिश पडलेली दिसली. पसाभर आकाराची, काचेसारखी, निळसर कडेची. लाटेनं टाकून दिलेली. खाली लांब धागे, वाळूत लडबडलेले. द्वारकाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, पुन्हाही पाहिला नाही. लग्नघरात पोरगी दागिना बघते ना, तसं बघत होती. "मेलीय गं," ती हळहळली. आणि मी काही म्हणायच्या आत तिनं उजवा तळवा त्या छत्रीखाली सरकवून तिला अलगद उचललं. पोरांना हाका मारायला तिनं हात वर केला, तसे ते धागे लोंबून तिच्या मनगटाला, कोपरापर्यंत गुंडाळले गेले. मेलेल्या जेलीफिशच्या कुप्याही तितक्याच जिवंत असतात, स्पर्श झाला की फुटतात, हे तिच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ती किंचाळली. मी बाळंतपणात ओरडणाऱ्या बायका ऐकल्यात, पण तसलं ओरडणं ऐकलेलं नाही.

आणि मग मी पुढं झाले... इथंच मला थांबायला होतं, पण सांगते.

मी तेलगावची. आमच्या रानात ढेकूळ उचललं की खाली विंचू. विंचू चावला की काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. वर करकचून बांधायचं, जागा खसाखसा चोळायची, गार पाणी ओतायचं. आमच्या आजोबांनी गावातल्या निम्म्या माणसांना असंच केलेलं मी पाहिलेलं. मी माझा हातरुमाल, आमची दस्ती, द्वारकाच्या दंडाला आवळली, जीव खाऊन आवळली. चिकटलेले धागे ओल्या वाळूनं घासून काढले. आणि पोरांना ओरडले, "कॅन आणा रे!" द्वारका थरथरत होती, दात वाजत होते, तरी तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. "इंदू... खारं घाल. समुद्राचं पाणी घाल गं." मी तिच्यावर खेकसले, "गप गं तू! जखमेला मीठ लावतात होय?" आणि घरून आणलेलं ते गोडं पाणी, अर्धा कॅन, तिच्या हातावर ओतलं. आमच्याकडे जिवाच्या माणसाला द्यायचं तर गोड्या पाण्याहून मोठं काय असतं? मी मायेनं ओतत होते. एक क्षण ती गप झाली, मला वाटलं उतार पडला. आणि मग ती जी ओरडायला लागली ती गावातल्या एका जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत थांबली नाही.

दवाखाना तासभर लांब होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी ती दस्ती कापून काढली. बोटं काळीनिळी पडली होती. हातावर चाबकानं ओढल्यासारखे लाल वळ. त्यांनी तिचा हात सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवला, इंजेक्शन दिलं, छातीला यंत्र लावलं. पाठीत, पोटात पेटके येत होते तिला. आणि मग ती अचानक शांत होऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "इंदू, मी मरायलेय. मला कळायलंय." एवढ्या शांतपणे की मी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हे विष नसांवर जातं, आणि काही जणांना असं वाटतं की आता आपण मरणार. ती भीती मनातली नसते, विषातनं येते, उतरेल. आणि ती उतरली खरी. संध्याकाळी ती पोरांची हजेरी घ्यायला उठून बसली.

सगळं निभावलं असं वाटलं. पण पंधरा दिवसांनी तिच्या हातातनं खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. पोरं हसली, तीही हसली. मग करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, मग निम्मा तळवा. बधिर म्हणजे दुखत नाही असं मला वाटायचं. तसं नव्हतं. सुई टोचलेली कळायची नाही, पण पंख्याचा वारा लागला तर हाताला आग व्हायची. साडीचा पदर घासला तरी शॉक बसल्यागत हात मागं घ्यायची. एकदा चपाती करताना करंगळी तव्यावर टेकली आणि तिला वास आल्यावर कळलं.

मला ती समजावून सांगायची, तिची सवयच होती. "हे बघ, नसेच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. ती उघडतात-मिटतात, क्षार आत-बाहेर करतात, तवा निरोप पुढं जातो. हिचं विष ती दारं उघडीच टाकतं. मग निरोपावर निरोप. आग न्हाई, तरी मेंदूला सांगावा, आग लागली म्हणून." त्याच महिन्यात आमच्या कॉलेजची घंटा बटण अडकून तासभर वाजत राहिली होती. सगळे कानात बोटं घालून मैदानात उभे. ती म्हणाली, "असं हाय बघ माझ्या हातात. फक्त मैदानात जाता येत न्हाई." आणि वर स्वतःच फिदीफिदी हसली. "अन् गंमत काय, जेलीफिशला मेंदूच नसतो. नुसतं नसांचं जाळं. बिनमेंदूच्या बाईनं एम.एस्सी. झालेलीला कामाला लावलं."

चार-पाच महिन्यांनी आम्ही लातूरला एका नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातात बारीक सुया घालून, करंट देऊन तपासणी केली. मग खुर्ची सरकवून सगळं पहिल्यापासून विचारलं. "जागा चोळली होती का? गोडं पाणी घातलं होतं?" द्वारकानं होकारार्थी मान हलवली. ते सांगू लागले: डंख झाला तरी हजारो कुप्या कातडीवर न फुटता चिकटून राहतात. समुद्राच्या पाण्यात त्या तशाच राहतात, गोडं पाणी पडलं की पटापट फुटतात. चोळल्यानंही फुटतात. म्हणजे खरं विष नंतर आत गेलं. आणि दंडाला तासभर आवळून बांधलं तर नस दबून मरते ती वेगळीच. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते. पण माझ्याआधी द्वारका म्हणाली, "मीच, सर. मला वाटलं, विंचवागतच असल."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?"

"शिकवते की," ती म्हणाली. "पण मी शिरूरची. आमच्याकडं विंचू हाय, समुद्र न्हाई." आणि हसली. एवढी हुशार बाई, परक्या माणसासमोर अडाणी ठरून घेतलं तिनं. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं हे काही दिवसांत जातं, थोड्यांचं काही महिन्यांत. तुमचं का राहिलं, विषानं की बांधल्यानं, आता सांगता येणार नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो. आता बोलायचं, असं मी तीनदा ठरवलं. लातूर सुटलं, पुढची दोन-तीन गावं गेली. मग द्वारका म्हणाली, "खिडकी लाव गं, वारं लागतंय हाताला." मी खिडकी लावली. झालं. अकरा वर्षांत त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

कोकणातल्या त्या दवाखान्यात गरम पाण्यानं तिला आराम पडला होता, म्हणून तिनं घरी तेच सुरू केलं. त्यात औषधाचा भाग किती आणि मनाचा किती, मला माहीत नाही, पण वीस मिनिटं हात बुडवला की रात्रीची झोप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी दुसऱ्या हातानं बघत जा. पण तिला डाव्या हाताचाही भरवसा राहिला नव्हता, असं ती म्हणाली. "तू बघत जा की, इंदू." मग मी रोज पाचला जायची. तान्ह्या लेकराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर घालून बघायचं. गरम असलं तर थोडं गार घालायचं. मग म्हणायचं, "घाल." ती हात घालायची, डोळे मिटायची. मी चहा टाकायची. आमचे हे होते तोवर पावणेसहाला घरी पळायची, ते गेल्यावर सात-सात वाजेपर्यंत बसायला लागले. पोराटोरांच्या, स्टाफरूमच्या चहाड्या, कुणाची सून कशी, कुणाचा निकाल काय. मी गावाला गेले तर भाभी बघतील, असं तीच म्हणायची.

लोकांनी तिला छळलं, हे सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे समुद्राचं दुखणं कुणाला खरंच वाटेना. स्टाफरूममध्ये एक महाशय म्हणाले, "बीड जिल्ह्यात राहून जेलीफिश चावली म्हणजे नवलच." पेपर तपासायचे टाळते, असाही एकानं शोध लावला. तिचा धाकटा भाऊ अंकुश, मनानं चांगला, पण तिला अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे घेऊन गेला. मी त्या सगळ्यांशी भांडले. त्या महाशयांना तर भर स्टाफरूममध्ये असं झापलं की ते आठ दिवस कँटीनमध्येच बसले. गल्लीत माझं नाव झालं. "मैत्रीण असावी तर इंदूबाईसारखी," बाया म्हणायच्या. मी ते ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंही वाटायचं, आणि मग घरी येऊन जेवण जायचं नाही.

एका संध्याकाळी हात पाण्यात असताना द्वारका म्हणाली, "विंचू चावलेल्याला बरं असतं बघ. पारावर गेला की दहा माणसं सांगतात, मला बी असंच झालतं. मला एक तरी दाखव की जिल्ह्यात, जिला विचारू, तुझी बी करंगळी पहाटं अशीच जळती का म्हणून." ती रडत नव्हती. सहज म्हणाली. तिच्या दुखण्यात ती एकटी होती, आणि माझ्या गुन्ह्यात मी एकटी होते, आणि रोज पाचला दोघी एका बादलीभोवती बसत होतो.

पण कामात तिनं हार मानली नाही. डाव्या हातानं फळ्यावर काढायला शिकली. पहिल्या वर्षी तिची जेलीफिश वाकड्या टोपलीसारखी दिसायची. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं तेव्हा तिची ती छत्री पुन्हा पहिल्यासारखी यायला लागली होती. आकृतीच्या खाली ती आता एक ओळ लिहायची: डंख झाल्यास समुद्राच्याच पाण्यानं धुवावे, चोळू नये, बांधू नये. बीडच्या पोरांना हे परीक्षेत येणार नाही, असं मी एकदा म्हटलं. "सहलीला तर जातील," ती म्हणाली. त्यानंतर माझा तास तिच्या तासानंतर असेल तेव्हा मी फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात कविता लिहायची.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. मी निवृत्त झालेली, लेकीला दुसरं बाळ झालेलं, महिनाभर राहायचं ठरलेलं. पाणी बघितलं, "घाल" म्हटलं. त्या दिवशी का कोण जाणे, मला वाटलं आज सांगूनच टाकावं. तोंडही उघडलं. "द्वारके..." ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. वाट बघत होती, असं आता वाटतं. आणि मी म्हणाले, "गॅस बंद करत जा गं झोपताना." ती हसली. "तू निवांत जा. पाण्याचं बघते मी." "कशी बघशील?" "बघते गं. जा."

फोन आला त्या दिवशी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचा झटका सांगितला. मी तरी विचारलं, त्या जुन्या डंखाचा काही संबंध? ते म्हणाले, छे, काही नाही. मला पटलंय असं मी स्वतःला सांगते.

तेरावं झाल्यावर अंकुश म्हणाला, "इंदूताई, घर रिकामं करायचंय. तुमाला काय पायजे ते घ्या." मी बादली घेतली. जुनी, पितळी, काठाला पोचा आलेली. स्वयंपाकघरात भाभी डबे बांधत होत्या. मी त्यांना विचारलं, फोनवर अर्धवट राहिलेलं, "भाभी, मी पुण्याला होते तेव्हा पाणी तुम्ही बघत होता ना?"

"मी कावून?" भाभी म्हणाल्या. "बाई नळी घालून बघायच्या की. काचेची." आणि चहाच्या डब्यामागं हात घालून त्यांनी पुठ्ठ्याची एक लांब डबी काढून माझ्या हातात दिली. आत कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसला थर्मामीटर. पंचेचाळीसच्या खुणेपाशी लाल दोरा बांधलेला. दोरा मळून तपकिरी झालेला.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. तुमी गावाला गेल्या की नळी. तुमी आल्या की नळी डब्याच्या मागं." भाभी जरा घुटमळल्या. "मी एकदा म्हणले त्यांना, बाई, नळी हाय तर रोज इंदूबाईला तकलीफ कावून देता? तर म्हणल्या, तिला येऊ द्या, भाभी. तिला यायला लागतंय."

मला आधी रागच आला. भयंकर राग. अकरा वर्षं ही बाई मला बनवत होती! जीवशास्त्राची बाई, पाण्याचं गरम-गार मोजायला तिला माझं कोपर लागतंय, हे माझ्या टाळक्यात कधी कसं आलं नाही? मग मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडले. भाभी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, मी मैत्रिणीसाठी रडतेय. ते तर होतंच.

तिला सगळं माहीत होतं, आणि ते मला रोज आतून खातंय हेही. दंडाला दस्ती कुणी आवळली, कुणी तिला गप केलं, कुणी पाणी ओतलं. तिला त्याचा राग होता की नाही, तिनं मनातनं मला माफ केलं होतं की नुसतं सांभाळून घेतलं होतं, हे मला आता कोण सांगणार? मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. द्वारका कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची, फळ्यावर आकृती काढून द्यायची. मी विचारलंच नाही.

आता बादली माझ्याकडे आहे. थर्मामीटर त्याच डबीत, फडताळात. पाच वाजले की माझे हात चुळबुळायला लागतात. लेक फोनवर म्हणते, आई, तू एकटी नको राहू, ये इकडं. येईन म्हणते. पण पाचला मी पाणी तापवते, बादलीत ओतते, कोपर घालून बघते. गरम असलं तर थोडं गार घालते. मग बादलीशेजारी बसून मोठ्यानं म्हणते, "द्वारके, गोडं पाणी मीच ओतलं होतं. तू नको म्हणत असताना." घरात कुणी नसतं, त्यामुळे बोलायला सोपं जातं. एवढं बोलून झालं की म्हणते, "घाल." आणि पाणी गार होईपर्यंत तिथंच बसते.